लक्ष आणि आवेग यांची तपासणी : छत्रपती संभाजीनगरातील एका बालविकास केंद्राचे परीक्षण

माझ्या आठ वर्षांच्या भाच्याचे अवधान आणि आवेग-नियंत्रण यांचे मूल्यमापन छत्रपती संभाजीनगरातील एका खासगी बालविकास केंद्रात झाले. हे परीक्षण त्या सेवेचे आहे. केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण अशा ठिकाणांचा दर्जा तिथे बसणाऱ्या एक-दोन व्यक्तींवर ठरतो आणि त्या बदलल्या की त्याच पाटीखाली निराळेच काम सुरू होते. त्यापेक्षा तिथे काय केले गेले, कोणत्या क्रमाने केले गेले आणि त्यातले पैसे मोजण्याजोगे काय होते, हे तपशिलाने लिहिणे इतर पालकांच्या अधिक उपयोगी पडेल. निष्कर्ष आधीच सांगून टाकतो : मुलाची तपासणी उत्तम, तोंडी समजावून सांगणे त्याहून उत्तम, लेखी अहवाल सुमार, आणि बाहेरगावाहून येणाऱ्यांचा विचार जवळजवळ शून्य.

भाचा परतूर तालुक्यातील एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत शिकतो. पोर हुशार आहे, पण पायाला भिंगरी. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देतो, खिचडीच्या रांगेत थांबत नाही, वहीतली गणिते अर्ध्यावर सोडून उठतो, आणि दोनदा रस्त्यावर न बघता धावल्यामुळे मोटारसायकलखाली येता येता वाचला आहे. गावात त्याला कोणी वांड म्हणते, कोणी लाडावलेला. शाळेच्या गुरुजींनी मात्र ताईला बाजूला घेऊन हे एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि आवेग यांचा विकार) असू शकते, एकदा दाखवून घ्या, असे स्पष्ट सांगितले. त्यांच्या या सांगण्यामुळेच पुढचे सगळे घडले.

केंद्रात पहिला तास-दीड तास मुलाला कोणी हातही लावला नाही. तो बाहेर खेळत होता आणि आत मानसशास्त्रज्ञ बाई ताईला आणि दाजींना विचारत होत्या. हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. जगभर वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ या निदान-निकषांनुसार एडीएचडीची एकूण १८ लक्षणे आहेत, त्यांतली ९ लक्ष न टिकण्याची आणि ९ अतिचंचलतेची व आवेगाची. लहान मुलात यांपैकी एका गटातली तरी किमान ६ लक्षणे सहा महिन्यांहून अधिक काळ दिसावी लागतात, त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असावी लागतात आणि ती घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. हे निकष इंटरनेटवर कोणालाही सापडतील. पण ‘तो ऐकत नाही’ या आईच्या एका वाक्यातून नेमके काय होते, कधी होते, किती वेळा होते आणि त्यामुळे काय बिघडते, हे उकलून काढणे हे कसब आहे. बाईंनी आदल्या आठवड्यातले दिवस एकेक करून विचारले. दप्तर कोणी भरले, जेवताना किती वेळा उठला, बाजाराला नेला तेव्हा काय झाले, भांडण झाले तर आधी हात कोणाचा उठला. ‘खूप मस्ती करतो’ असे उत्तर आले की त्या तेवढ्यावर थांबत नव्हत्या.

दाजींनी तिथे असा एक प्रश्न विचारला, जो मराठवाड्यातला प्रत्येक बाप विचारील : “मॅडम, पोरगं मोबाईलवर दोन-दोन तास हलत नाही. मग लक्ष लागत नाही असं कसं म्हणायचं?” त्यावर बाईंनी दिलेले उत्तर सविस्तर होते. एडीएचडीत लक्ष नसते असे नाही, ते हवे तिथे वळवणे आणि नको तिथून काढणे अवघड जाते. मोबाईलवरचा खेळ दर क्षणाला आवाज, रंग किंवा गुण देऊन ते काम मुलाच्या वतीने स्वतःच करतो. डीएसएम-५ मध्येही पडद्यासमोर, नव्या जागी किंवा एकट्या मोठ्या माणसाच्या सहवासात ही लक्षणे झाकली जाऊ शकतात, अशी स्पष्ट नोंद आहे. म्हणूनच दवाखान्यातल्या खोलीत मूल शहाण्यासारखे बसले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. हे वाक्य केंद्राच्या दर्शनी भागात फलकावर लिहून लावावे असे मला वाटले, कारण बाहेर बसलेल्या पालकांपैकी निम्मे जण ‘इथं बघा कसा गप बसलाय’ याच काळजीत होते.

त्यानंतर इतर कारणे वगळण्याचे प्रश्न झाले : ऐकू नीट येते का, डोळे तपासले का, झोपेत घोरतो का, तोंडाने श्वास घेतो का, हिमोग्लोबिन कधी पाहिले, मध्येच काही क्षण टक लावून हरवल्यासारखा होतो का. शेवटचा प्रश्न एका प्रकारच्या अपस्मारासाठी होता. त्या झटक्यात मूल पडत नाही, फक्त काही सेकंद थांबते, आणि वर्गात ते लक्ष नसल्यासारखेच दिसते. कान आणि डोळे तपासल्याशिवाय पुढे जाणार नाही, असे त्यांनी सांगितले व त्यासाठी स्वतःच्या ओळखीच्या दवाखान्याची चिठ्ठी न देता कुठूनही करून आणा म्हणाल्या. एवढा साधा प्रामाणिकपणा आजकाल नोंदवावा लागतो.

शाळेच्या माहितीसाठी केंद्राने व्हँडरबिल्ट प्रश्नावली वापरली. तिच्यात पालकांसाठी ५५ आणि शिक्षकांसाठी ४३ प्रश्न असतात आणि प्रत्येक वर्तन किती वेळा दिसते त्यावरून शून्य ते तीन असे गुण द्यायचे असतात. माझी पहिली तक्रार येथे आहे. दोन्ही प्रती इंग्रजीत होत्या. ताईचा फॉर्म स्वागतकक्षातल्या मुलीने वाचून, जमेल तसे मराठी करून भरून घेतला, आणि आईच्या उत्तरांवर निम्मे निदान उभे राहणार असताना ही पद्धत बरी नव्हे. भारतीय मुलांसाठी इन्क्लेन या वैद्यकीय संशोधन-संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेली, ६ ते ९ वर्षे वयोगटाची एडीएचडी निदान-प्रश्नावली उपलब्ध आहे, आणि भाचा नेमका त्याच वयाचा. ती का वापरली नाही, असे विचारले तेव्हा ‘आम्हाला व्हँडरबिल्टची सवय आहे’ असे उत्तर मिळाले. सवय हे कारण मला पटले नाही. उणीव काही अंशी भरून निघाली ती बाईंनी गुरुजींना स्वतः फोन केल्यामुळे. त्या बोलण्यात प्रश्नावलीपेक्षा अधिक माहिती निघाली. उदाहरणार्थ, परिपाठाच्या वेळी आणि शेवटच्या तासाला त्रास सारखाच असतो, म्हणजे तो केवळ थकव्याने येत नाही.

जाता जाता एक गोष्ट. बाहेर बसलेल्या एका कुटुंबाशी बोलताना कळले की ते बीडकडचे ऊसतोड कामगार आहेत आणि त्यांचा मुलगा दिवाळीनंतर कारखान्यावर जातो तो उन्हाळ्याच्या तोंडावर परततो. अशा मुलाची ‘सहा महिने, दोन ठिकाणी’ ही अट शाळेकडून कशी पडताळायची? त्याचा अभ्यास मागे पडला आहे तो लक्ष नसल्याने की वर्गच नसल्याने? ही अडचण या एका केंद्राची नव्हे, पण मराठवाड्यात काम करणाऱ्या कोणत्याही केंद्राकडे तिचे उत्तर तयार असायला हवे, आणि येथे ते मला दिसले नाही.

आता संगणकावरच्या चाचणीविषयी, कारण पालक येतात ते बहुधा तिच्याच ओढीने. यंत्राने मोजलेला आकडा खरा वाटतो. केंद्रात टोवा नावाची चाचणी आहे. दीर्घकाळ एकसुरी काम देऊन सावधानता मोजण्याच्या या प्रकारची सुरुवात १९५६ साली अमेरिकेत मेंदूला इजा झालेल्या रुग्णांच्या तपासणीतून झाली. टोवामध्ये पडद्यावर एक चौकोन क्षणभर दिसतो. त्याच्या पोटातला लहान चौकोन वरच्या कडेला असेल तर हातातले बटण दाबायचे, खालच्या कडेला असेल तर हात आवरायचा. दर दोन सेकंदांनी एक चित्र, असे एकूण २१.६ मिनिटे. ना गोष्ट, ना गाणे, ना शाबासकी. कंटाळा हाच तिचा गाभा आहे, आणि मोबाईलच्या प्रश्नाचे दुसरे अर्धे उत्तर येथे मिळते.

चाचणीची रचना मात्र मोठी कल्पक आहे. पहिल्या अर्ध्या भागात ३२४ चित्रांपैकी फक्त ७२ वेळा बटण दाबायचे असते, त्यामुळे मन भरकटले की दाबायचे राहून जाते. हे सुटलेले दाब अवधानाची उणीव दाखवतात. दुसऱ्या अर्ध्या भागात प्रमाण उलटते आणि ३२४ पैकी २५२ वेळा दाबायचे असते. हाताला दाबण्याची चटक लागते आणि मध्येच ‘नको’चे चित्र आले की थांबणे कठीण होते. येथले नको तिथे दाबलेले दाब आवेगाचे मोजमाप ठरतात. यांखेरीज प्रत्येक दाबाला किती मिलिसेकंद लागले, ही गती किती वरखाली झाली, चूक झाल्यानंतरच्या दाबात मूल सावध होऊन थोडे हळू होते का, आणि चित्र डोळ्यांत भरण्याआधीच किती वेळा बटण दाबले गेले, हेही नोंदले जाते. आपली मुले चिमणी भुर्र, पोपट भुर्र, म्हैस भुर्र खेळतात तेव्हा म्हशीला बोट वर करणारा जसा पकडला जातो, तसेच हे आहे. फरक एवढाच की इथे हसायला कोणी नसते आणि खेळ संपता संपत नाही.

या ठिकाणी केंद्राचे दोन निर्णय मला विशेष आवडले. कॉनर्सची तशीच एक प्रसिद्ध चाचणी आहे, ८ वर्षांपासून पुढच्यांसाठी, १४ मिनिटांची. तिच्यात इंग्रजी अक्षरे दिसतात आणि ‘एक्स’ सोडून प्रत्येक अक्षराला दाबायचे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत इंग्रजी पहिलीपासून असले तरी प्रत्येक मुलाच्या डोळ्यांना ती अक्षरे मुरलेली नसतात. म्हणून आकृत्यांची चाचणी निवडली, असे बाईंनी न विचारता सांगितले. दुसरा निर्णय आम्हाला महाग पडला, पण बरोबर होता. पहाटेची गाडी धरून, वाटेत वडापाव खाऊन आलेल्या मुलाची चाचणी दुपारी घेण्यास त्यांनी नकार दिला व दुसऱ्या दिवशी सकाळी, झोप आणि नाश्ता झाल्यावर घेतली. थकलेल्या मुलाचे सुटलेले दाब एडीएचडीच्या नावावर लिहिले जाऊ नयेत, हे कारण निर्विवाद आहे. मात्र वेळ देताना फोनवरच ‘एक मुक्काम धरून या’ असे सांगणे कोणालाही सुचू नये, याचे नवल वाटते. लॉजचा खर्च आणि दाजींचा बुडालेला दिवस हे आमचे आम्ही सोसले. ज्यांना ते परवडत नाही त्यांचे काय?

चाचणीच्या आधी तीन मिनिटांचा सराव झाला, नंतर बाई मुलाच्या मागे बसून न बोलता टिपणे घेत राहिल्या. ‘संपलं का’ कितव्या मिनिटाला विचारले, पाय केव्हा हलू लागले, चुकल्यावर स्वतःच ‘अर्र’ म्हणाला का, हे सर्व त्यांनी नंतर आलेखाशेजारी ठेवून दाखवले. या चाचणीत सरासरी १०० धरून गुणांक काढतात आणि ८० च्या खाली गेलेला गुणांक वयाच्या मानाने बाहेरचा मानतात. भाच्याचे सुटलेले दाब सामान्य मर्यादेत होते. नको तिथे दाबलेल्यांचा दुसऱ्या भागातला गुणांक ७४ होता आणि गतीची वरखालीही जास्त होती. बाईंनी लगेच बजावले की एडीएचडी असलेली काही मुले ही चाचणी सहज पार करतात आणि नसलेली काही मुले, चिंता किंवा झोपेच्या तक्रारीमुळे, तिच्यात अडखळतात. एकट्या आलेखावर निदान करणारा कोणी भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. ब्रिटनमध्ये आरोग्यसेवेसाठी मार्गदर्शन करणाऱ्या नाइस या संस्थेने २०२४ मध्ये क्यूबी ही अशीच संगणकावरची चाचणी ६ ते १७ वयोगटासाठी मान्य केली तीही वैद्यकीय तपासणीच्या जोडीला म्हणूनच. शहरात केवळ संगणकाच्या चाचणीची जाहिरात करून त्याच दिवशी अहवाल हातात ठेवणारी ठिकाणेही आहेत, हे लक्षात घेता हा इशारा महत्त्वाचा आहे.

यानंतर टेबलावरची कामे झाली, आणि माझ्या मते खरे निदान तिथे उमटले. मी एकदा टकटक केली की तू दोनदा कर, मी दोनदा केली की तू एकदा कर. कागदावरच्या भुलभुलैयात पेन्सिल न उचलता वाट काढ. आत्ता एक स्टिकर घे किंवा सगळे संपेपर्यंत थांबून तीन घे. टकटकीत तो वारंवार फसला, भुलभुलैयात वाट पाहण्याआधीच पेन्सिल आत घुसली, पण स्टिकरसाठी मात्र शांतपणे थांबला आणि तीन घेऊनच उठला. आवेग ही एकच वस्तू नाही, हे यावरून आम्हाला प्रथमच कळले. उठलेला हात थांबवणे हे एक काम, आणि मोठ्या बक्षिसासाठी कळ काढणे हे निराळे. एडीएचडीच्या काही मुलांत पहिले कच्चे असते, काहींत दुसरे, काहींत दोन्ही. भाच्याला थांबण्याचे फळ दिसले तर तो थांबू शकतो, म्हणून घरी नियमांपेक्षा ठरलेली, दिसणारी बक्षिसे उपयोगी पडतील, असा सल्ला त्यातून निघाला. सुरू झालेली कृती मध्येच रद्द करण्याची क्षमता मोजणारी, लोगन आणि कोवन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या प्रारूपावरची ‘थांबा’-संकेताची चाचणी या केंद्रात नाही. ती असती तर चित्र अधिक पूर्ण झाले असते, पण तिच्या अभावाने काही अडले नाही.

अहवालाविषयी मात्र कडक लिहावे लागेल. आठ पानांचा इंग्रजी दस्तऐवज, निम्मी पाने यंत्राने छापलेल्या आलेखांची, आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत बुद्ध्यंक. बुद्ध्यंक ज्या मॅलिन चाचणीने काढला ती नागपूरच्या आर्थर मॅलिन यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस भारतीय मुलांसाठी बसवली. ती आणि व्ही. व्ही. कामतांची बिने बुद्धिमापन चाचणी या दोन्ही आपल्याकडच्या मातीतल्या म्हणून मला आदरणीय वाटतात. कामतांनी तर १९३० च्या दशकात मराठी आणि कानडी मुलांसाठी ते काम केले. परंतु इतक्या जुन्या मानकांवरून आलेला आकडा पानाच्या माथ्यावर ठेवला की गावातला वाचणारा तेवढाच वाचतो. गुरुजींनी काय करावे, मुलाला कुठे बसवावे, गृहपाठ तुकड्यांत कसा द्यावा, यासाठी शेवटच्या पानावर चार ओळी होत्या, त्याही सर्वांना सारख्याच छापून देतात तशा. आम्ही आग्रह धरला तेव्हा बाईंनी गुरुजींसाठी मराठीत एक पानाचे पत्र हाताने लिहून दिले. शाळेत उपयोग झाला तो त्या पत्राचा. वाचनात अक्षरे गाळण्याचा दोष वेगळा तपासून घ्यावा, ही सूचनाही त्यातच होती, अहवालात नव्हती.

सर्व मिळून साडेपाच हजार रुपये झाले. संभाजीनगरच्या मानाने दर वाजवी आहे, परतूरच्या मानाने जड. ज्यांना तो शक्य नाही त्यांनी हे जाणून घ्यावे की २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत येऊन तपासण्या करणाऱ्या पथकाच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे, आणि त्या पथकाने पुढे पाठवलेल्या मुलाची तपासणी सरकारी यंत्रणेत मोफत होते. शहरातल्या सरकारी घाटी रुग्णालयातही बालरोग आणि मनोविकार विभाग आहेत. तिथे रांग मोठी. आणखी एक गैरसमज केंद्रातच दूर झाला : दिव्यांग हक्क कायदा, २०१६ च्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे केवळ या निदानावर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळेल, या आशेने येणाऱ्यांनी आधी चौकशी करावी.

औषधाचा निर्णय केंद्रात आठवड्यातून एकदाच येणाऱ्या डॉक्टरांवर सोडला आहे. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीवरचे औषध आपल्याकडे शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीत येते, चिठ्ठीच्या दोन प्रती लागतात, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि तालुक्याच्या गावी ते मिळण्याची शक्यता कमीच. हे पहिल्याच भेटीत सांगितले गेले, ते बरे झाले. आमच्याबाबत आधी पालक-प्रशिक्षण, मग औषधाचा विचार असे ठरले. त्यासाठी दर आठवड्याला या, असा केंद्राचा आग्रह होता. परतूरहून ते अशक्य आहे, हे पटवून द्यावे लागले. शेवटी महिन्यातून एक भेट आणि मधले बोलणे व्हिडिओ कॉलवर, असे मान्य झाले. गावात रेंज घराच्या गच्चीवरच येते, तरी ते चालले आहे.

जाणाऱ्यांनी मागच्या वर्षीच्या वह्या, प्रगतिपुस्तक, कान-डोळ्यांच्या तपासणीचे कागद आणि वर्गशिक्षकांचा नंबर सोबत न्यावा; वह्यांतली अर्धवट पाने बाईंनी आमच्या बोलण्यापेक्षा जास्त वेळ पाहिली. सकाळची वेळ मागून घ्यावी. आणि शाळेत मुलाचा जन्म एक जून असा नोंदवलेला असेल, पण खरी तारीख वेगळी असेल, तर केंद्रात खरी तारीखच सांगावी. सगळे गुणांक वयाच्या हिशेबाने काढतात, आणि काही महिन्यांच्या फरकानेही आकडा सरकू शकतो.